काकीची म्हैस आणि 'आठवणीतली गाणी'

मराठी गाण्याचे शब्द हवे असतील तर 'आठवणीतली गाणी' ही वेबसाइट उघडा. वीस वर्षांहून जुनी आहे, हजारो गाणी आहेत, पैसे लागत नाहीत. ज्याला एवढंच हवं होतं त्यानं इथूनच तिकडं जावं. पुढं मी लिहितोय ते एका गाण्याबद्दल, कारण ही साइट काय देते आणि काय देऊ शकत नाही, हे दोन्ही मला त्या एका गाण्यामुळं कळलं.

माझं जयसिंगपुरात डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, आणि बारशाला बायकांच्या हातात द्यायचे पाळण्याचे कागद. त्यामुळं गाण्यांचे शब्द शोधणं हा माझ्या धंद्याचाच भाग. इंटरनेटवर मिळणाऱ्या बऱ्याचशा मजकुराचे हाल विचारू नका. रफार भलत्या अक्षरावर, ह्रस्वदीर्घाचा पत्ता नाही, निम्मं गाणं इंग्रजी अक्षरांत, आणि दोन कडव्यांची सरमिसळ करून तिसरंच तयार केलेलं. असला मजकूर उतरवला तर दुरुस्त करण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात नवा टाइप होतो. 'आठवणीतली गाणी' इथं वेगळी ठरते. कडवी सुटी, ओळी जागच्या जागी, शुद्धलेखन नीट. गीत, संगीत, स्वर, चित्रपट, गीतप्रकार हे सगळं गाण्याबरोबर दिलेलं, आणि जुन्या अभंगा-पदांखाली अवघड शब्दांचे अर्थसुद्धा. कुणीतरी एकेक गाणं हातानं निवडून, ऐकून, तपासून ठेवलंय हे आमच्यासारख्या टाइप करणाऱ्याला लगेच ओळखू येतं.

तर गाणं. चुलतबहिणीच्या नातवाचं बारसं होतं. म्हणाली, नेहमीच्या पाळण्यांबरोबर 'निंबोणीच्या झाडामागे' पण छाप, बायकांना पुढचं येत नाही. बरोबरच आहे. कुठल्याही बारशाला ऐका, ध्रुपद होतं, गाय, चिऊताई, जाईजुईचं कडवं होतं आणि गाडी परत ध्रुपदावर येते. मलाही तेवढंच येत होतं. तेही काकीच्या पाठात.

आई गेली तेव्हा मी दीड वर्षाचा होतो. वडील इचलकरंजीत यंत्रमागावर, दोन पाळ्या करायचे. मला शिरोळजवळच्या गावी काकीकडं ठेवलं आणि चौथीनंतर घेऊन गेले. तोवर माझी अंगाई म्हणजे हे गाणं, आणि त्यात 'म्हस झोपली गोठ्यात'. आमच्याकडं गाय नव्हतीच. काळी, एका शिंगाची म्हैस होती, आणि ती झोपली की नाही हे मी पाळण्यातून नाही, पण अंथरुणातून मान वळवून खरोखर बघायचो. साइटवर 'गाय' वाचली तेव्हा चूक सापडल्यागत वाटलं. छापील शब्द बरोबर आहेत हे कळत होतं, तरी पहिल्यांदा बोट कीबोर्डकडं गेलंच.

त्याच्या खाली आणखी दोन कडवी होती.

'देवकी नसे मी बाळा' असं तिसरं सुरू होतं. गाणारी बाई त्या मुलाची जन्मदाती नाही, ती यशोदा आहे. आणि शेवटच्या कडव्यात पाळणा रिकामा, हातात नुसती दोरी, गळ्यात हुंदका, आता अंगाई गाऊ तरी कशी. हाच तर चित्रपटाच्या नावातला प्रश्न. 'बाळा गाऊ कशी अंगाई', 1977. महाराष्ट्रातली निम्मी पोरं ज्या गाण्यावर झोपली, ते मूल जवळ न उरलेल्या बाईचं गाणं आहे, हे त्या दिवशी काउंटरवर उभ्यानं वाचलं. समोर एकजण आधारकार्डाच्या दोन प्रती मागत होता, त्याला मी एकाच बाजूच्या दोन काढून दिल्या.

काकीनं ही कडवी का म्हटली नाहीत, याची एक गोष्ट माझ्या डोक्यात दोन दिवसांत तयार झाली. ती मला सांभाळत होती आणि तिला माहीत होतं की एक दिवस वडील येऊन घेऊन जाणार. चौथीचा निकाल लागला त्या दिवशी ट्रंक भरताना तिनं माझ्याशी धड बोलणं टाळलं होतं, तेही आता गोष्टीत नीट बसलं. बारशाला भेटली तेव्हा विचारलं.

"ठाव हाय की मला. रेडिओवर पुरं लागायचं," काकी म्हणाली. "पर रडकं कडवं पोराला म्हणत्यात व्हय? आन् तू पयल्यातच झोपायचास. धार काढायची ऱ्हायलेली असायची, तू झोपलास की मी सुटले."

यशोदेचा विषय काढला तर म्हणाली, "ती गवळ्याची हुती, आपली एकच म्हस."

झालं. तरी ती ट्रंकेची आठवण मी त्या कडव्यापासून सोडवलेली नाही, आणि सोडवणारही नाही. गाणं लिहिणाऱ्याला माझी काकी माहीत नव्हती, काकीला माझी गोष्ट मान्य नाही, पण तिसरं कडवं लागलं की मला तो निकालाचा दिवसच दिसतो.

साइटकडं परत येतो. तिची खरी मजा नावांवर टिचकी मारत फिरण्यात आहे. गीतकार मधुसूदन कालेलकर, संगीत एन. दत्ता, आवाज सुमन कल्याणपूर. त्या नावांवरून पुढं गेलं की 'अपराध' चित्रपटातलं 'सांग कधी कळणार तुला' सापडतं. तेच गीतकार, तेच संगीतकार, तोच आवाज, जोडीला महेंद्र कपूर. हे द्वंद्वगीत आणि आपली अंगाई एकाच टेबलावर तयार झालीत हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. आणखी एक धागा साइटवर मिळणार नाही, कारण तो हिंदी आहे. 1959 च्या 'धूल का फूल'मधलं 'तू हिंदू बनेगा ना मुसलमान बनेगा' हे गाणंही एन. दत्तांचंच, शब्द साहिरचे. तिथंही टाकून दिलेल्या पोराला एक म्हातारा सांभाळतोय आणि गातोय. अठरा वर्षांच्या अंतरानं एकाच माणसानं, दुसऱ्याचं मूल वाढवणाऱ्यांसाठी दोन चाली बांधल्या. वडिलांना रफीचं वेड होतं म्हणून मला ते गाणं माहीत, नाहीतर कुठलं.

आता उणं काय ते. या साइटवर गाणं एकच असतं, ध्वनिमुद्रिकेवर आहे तसं. तसंच असायला हवं, नाहीतर माझ्यासारख्यांनी विश्वास कशावर ठेवायचा? पण काकीच्या म्हशीला तिथं जागा नाही. घरोघरच्या बायकांनी बदललेल्या, जोडलेल्या, मोडलेल्या शब्दांसाठी 'पारी' या ग्रामीण भारतावरच्या वेबसाइटवरचा जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह बघा. लाखाहून जास्त ओव्या आहेत, आणि ओवी गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव दिलेलं असतं. तिथं तासभर काढलात तर उठवणार नाही. अंगाया हव्या असतील तर मात्र 'आठवणीतली गाणी'च बरी, गीतप्रकारातून शोधल्या की एका जागी मिळतात.

बारशाच्या कागदावर मी दोनच कडवी छापली. रित्या पाळण्याची दोरी बारशाला कोण वाटणार? बहीण म्हणाली पुढचं येत नाही म्हणून तर सांगितलं होतं. तिला चारही कडव्यांची एक प्रत वेगळी काढून दिली, ती तिनं वाचून पर्समध्ये घातली आणि पुढं काही बोलली नाही.

धंद्यात एक बदल मात्र केलाय. पाळण्याच्या कागदावर गीतकाराचं नाव घालायची आमच्याकडं पद्धत नाही, खाली दुकानाचं नाव आणि मोबाइल नंबर असतो. आता मी साइटवरून बघून त्याच्या वरच्या ओळीत बारीक अक्षरात 'गीत : मधुसूदन कालेलकर' घालतो. परवा एका गिऱ्हाइकानं विचारलं, हे तुमचे पार्टनर का?