व्हीजीए पोर्टवालं '१०५० टीआय' ग्राफिक्स कार्ड स्वस्तात दिसलं तर आधी हे वाचा

जुना सीआरटी (काचेच्या ट्यूबवाला जाडजूड मॉनिटर) आणि छोटा रिफर्बिश्ड ऑफिस पीसी अशी जोडी जमवणाऱ्यांसाठी लिहितोय, कारण हा सापळा बरोबर आपल्यासाठीच लावलाय, बाकीच्या गेमर लोकांना जुने मॉनिटर लावायच्या त्या निळ्या व्हीजीए पोर्टचं काही पडलेलं नसतं.

माझ्याकडे १७ इंची सीआरटी आहे, १०२४ बाय ७६८ ला ८५ हर्ट्झवर मस्त चालतो, जुने गेम त्यावर जे दिसतात ते एलसीडीवर दिसत नाहीत (घरच्यांच्या मते तो डबडा भंगारात द्यायला हवा, असो). पीसी इंटेलच्या चौथ्या पिढीचा आय५, बारका डबा, त्यात हाफ हाईट, म्हणजे लो प्रोफाइल कार्डच बसतं आणि पॉवर सप्लायला सहा पिनची वायर नाही, म्हणजे स्लॉटमधून मिळतात त्या ७५ वॅटवर भागवायचं. अशा डब्याला सगळे जीटीएक्स १०५० टीआय लो प्रोफाइल सुचवतात. अडचण एवढीच की चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने २०१६ च्या १० सिरीजपासून (१०५० टीआय त्यातलंच) सीआरटीला लागणारं अ‍ॅनालॉग आउटपुटच काढून टाकलंय, ९०० सिरीजपर्यंत अ‍ॅनालॉगही देणाऱ्या डीव्हीआय-आय पोर्टला साधा अ‍ॅडॉप्टर लावून सीआरटी चालायचा, तो मार्ग बंद.

आणि मग ऑनलाइन एक लिस्टिंग सापडली. १०५० टीआय, ४ जीबी, लो प्रोफाइल, मागे व्हीजीए, वर लिहिलेलं 'जुन्या मॉनिटरला डायरेक्ट लावा, कन्व्हर्टरची गरज नाही'. किंमत बाकीच्या सेकंडहँड कार्डांपेक्षा बरीच कमी. मागवलं.

बॉक्सवर कंपनीचं नाव नाही, आत एक सीडी, आणि सेलरचा मेसेज की ड्रायव्हर सीडीतलाच टाका, अपडेट केलात तर वॉरंटी जाईल. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव बरोबर १०५० टीआय. सीआरटीवर चित्र तर इतकं झकास की शंका यायला जागाच नव्हती, आणि ते झकास का होतं ते नंतर कळलं, कार्ड खरोखरच अ‍ॅनालॉगच्या जमान्यातलं होतं! जुने गेम ठीक, पण जरा नवा गेम लावला की स्लाइड शो, व्हल्कन ही नवी ग्राफिक्स प्रणाली लागणारा गेम सुरूच होईना, आणि मेमरी १ जीबीच्या वर गेली की स्क्रीनवर रंगीत ठिपके आणि पीसी हँग.

शेवटी कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर टाकलं. त्यात २०१८ पासून खोटी एनव्हिडिया कार्डं ओळखायची सोय आहे, नावाच्या आधी थेट 'फेक' असं लिहून येतं. खाली चिप जीएफ१०८, म्हणजे २०१० च्या जीटी ४३० वाली, ९६ कोअर. खऱ्या १०५० टीआयमध्ये जीपी१०७ चिप असते आणि कोअर ७६८. जुन्या कार्डाचा बायोस (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून नवं नाव आणि ४ जीबीचा आकडा चिकटवलेला, आणि सीडीतला ड्रायव्हर त्या नावाला हो ला हो करणारा. खरा ड्रायव्हर टाकला असता तर बिंग फुटलं असतं, म्हणून ती वॉरंटीची धमकी.

सेलरला स्क्रीनशॉट पाठवला तर आधी म्हणे तुमचा मॉनिटर जुना आहे म्हणून असं होतं, मग म्हणे अर्धे पैसे परत घ्या, कार्ड ठेवा आणि पाच स्टार द्या. नाही म्हटलं. साइटवर रिटर्न टाकलाय, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केलीये, बॉक्स उघडतानाचा व्हिडिओ होता तो जोडलाय, पैसे अजून आलेले नाहीत.

आता घ्यायचं काय. १० सिरीजच्या चिपमधून व्हीजीए निघतच नाही, त्यामुळे पोर्ट दिसला तर एकतर बोर्डावर वेगळी कन्व्हर्टर चिप बसवलेली असेल नाहीतर नाव खोटं, आणि स्वस्तातलं असेल तर नाव खोटंच धरून चाला. खरं कार्ड घ्या आणि एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर लावा. माझ्या मोडला ९४.५ मेगाहर्ट्झ पिक्सेल क्लॉक (पिक्सेल पाठवायचा वेग) लागतो, साधा कन्व्हर्टर १०८०पी ला ६० हर्ट्झ म्हणजे १४८.५ पर्यंत जातो, पुरतो. मोठा सीआरटी १६०० बाय १२०० ला ८५ वर चालवणार असाल तर २२९.५ लागतात, तिथे स्वस्तातला कन्व्हर्टर झोपतो, चांगला डिस्प्लेपोर्टवाला शोधावा लागतो. आणि आत कन्व्हर्टर चिप नसलेले २४+१ पिनचे स्वस्तातले डीव्हीआय-व्हीजीए अ‍ॅडॉप्टर मिळतात त्यांच्या नादी लागू नका, फक्त डिजिटल असलेल्या डीव्हीआय-डी पोर्टात बसतात छान पण अ‍ॅनालॉग सिग्नलच नाही तर येणार काय डोंबल.

चौथ्या पिढीपर्यंतच्या इंटेलवाल्यांना अजून एक जुगाड आहे, मदरबोर्डाचा व्हीजीए खरा अ‍ॅनालॉग असतो, सीआरटी तिथे लावायचा आणि विंडोज १० च्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये गेमला नवं कार्ड नेमून द्यायचं. बायोसमध्ये इंटेल ग्राफिक्स चालू ठेवता आलं पाहिजे, काही ऑफिस डब्यांत कार्ड लावलं की ते आपोआप बंद होतं, तेवढं आधी तपासा.

त्या सेलरची लिस्टिंग परवा पाहिली, अजून चालू आहे, फक्त पोर्टच्या बाजूचा फोटो काढून टाकलाय. मागच्या पट्टीचा फोटो मागा, आणि चालू पीसीवरचा जीपीयू-झेडचा स्क्रीनशॉट पण, नाही म्हणाला तर सोडून द्या.