निक्षय पोषण योजना : सहा महिन्यांचा अनुभव

मामेभावाला फुप्फुसाचा क्षयरोग असल्याचे थुंकीच्या तपासणीत निघाले, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याचे वजन करून निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदणी पोर्टलवर नोंद झाली आणि बँकेच्या पासबुकाची प्रत मागण्यात आली. गोळ्या मोफत मिळतात हे माहीत होते. आहारासाठीही पैसे मिळतात, हे तेव्हाच कळले. एप्रिल २०१८ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा दरमहा ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली असून सहा महिन्यांच्या उपचारासाठी ती तीन-तीन हजारांच्या दोन हप्त्यांत खात्यावर जमा होते. पहिला हप्ता निदान होताच आगाऊ देण्याची तरतूद मला सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण औषध लागू पडून भूक परत येते तेव्हा रोजगार बुडालेला असतो.

आमच्याकडे हा ‘आगाऊ’ हप्ता सातव्या आठवड्यात आला. खाते आधारशी जोडलेले नव्हते, आणि ज्यांनी पासबुक पाहिले त्यांनी ते पहिल्याच दिवशी सांगायला हरकत नव्हती.

निक्षय मित्र उपक्रमातून मिळणाऱ्या पोषण किटचा अनुभव अधिक चांगला होता. सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या या उपक्रमात व्यक्ती किंवा संस्था रुग्णाला, त्याची संमती असल्यास, किमान सहा महिने शिधा पुरवतात. आशाताई किट घरी आणून देत आणि गोळ्या वेळेवर घेतल्या का, हेही विचारून जात. त्यातील धान्य, डाळी, तेल आणि शेंगदाणे चांगल्या प्रतीचे होते. प्रमाण मात्र एका माणसापुरते. घरात तेच पाच जणांच्या ताटात वाढले जाई, आणि रुग्णाचे अन्न इतरांनी खाल्ल्याबद्दल केंद्रात मामींना बोलणीही ऐकावी लागली.

ती बोलणी मला अन्यायाची वाटतात. झारखंडमधील ‘रेशन्स’ या अभ्यासात रुग्णांच्या कुटुंबीयांनाही शिधा दिला गेला, तेव्हा त्यांच्यात नव्याने क्षयरोग होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत. म्हणजे मामींनी पाच ताटांत वाढलेली डाळ वाया गेली नव्हती, किटच लहान होते. कुटुंबीयांसाठीही किट देण्याची मुभा आता उपक्रमात आहे; आम्हाला ती कोणी सांगितली नाही, म्हणून नव्या रुग्णाच्या घरच्यांनी पहिल्याच भेटीत स्वतःहून विचारावे. मामेभावाचे वजन ४३ किलोंवरून ४९ झाले आहे.