चेक इंजिनचा दिवा विझवण्याचे साडेअठरा हजार

डॅशबोर्डवरील चेक इंजिनचा दिवा विझला म्हणजे गाडी दुरुस्त झाली, हा सर्वसाधारण समज आहे आणि सिंहगड रस्त्यावरील एका गॅरेजने त्याच समजावर माझ्याकडून साडेअठरा हजार रुपये उकळले. गाडीतला एकही भाग त्यांनी बदललेला नव्हता.

पेट्रोलच्या टाकीत तयार होणारी वाफ हवेत न सोडता सक्रिय कोळसा भरलेल्या कॅनिस्टरमध्ये साठवली जाते आणि इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह उघडला की ती इंजिनात ओढली जाऊन जळते. ही सगळी व्यवस्था हवाबंद आहे की नाही, हे काही गाड्यांतील संगणक स्वतःच तपासतो. माझी गाडी त्यांपैकी एक. संगणकातील दोषांचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०४४२ हा कोड आला होता, म्हणजे साधारण १ मिलिमीटरच्या छिद्राएवढी छोटी गळती. गाडी व्यवस्थित चालत होती, अ‍ॅव्हरेजही नेहमीचेच होते.

कोड वाचताच मालकांनी निदान सांगितले, "साहेब, कॅनिस्टर गेलाय आणि पर्ज व्हॉल्व्हही, दोन्ही बदलावे लागतील." वास्तविक हा कोड गळती आहे एवढेच सांगतो, ती कुठे आहे हे सांगत नाही. टाकीच्या झाकणाचा रबरी वॉशर, एखादी नळी, एखादा व्हॉल्व्ह, यांपैकी काहीही कारण असू शकते आणि ते शोधण्यासाठी व्यवस्थेत कमी दाबाने धूर सोडून तो कुठून बाहेर पडतो हे पाहावे लागते. येथे झाकणसुद्धा कोणी उघडून पाहिले नाही. संध्याकाळी दिवा विझलेली गाडी आणि 'इव्हॅप वर्क' (इव्हॅप म्हणजे वाफ साठवण्याची हीच व्यवस्था) एवढेच लिहिलेले बिल हाती आले.

यातली मेख अशी, की स्कॅनरने कोड पुसला की दिवा लगेच विझतो, पण संगणक गळतीची चाचणी लगेच घेत नाही. इंजिन पुरते थंड झाल्यावर गाडी सुरू व्हावी लागते, टाकी काठोकाठ भरलेली किंवा रिकामी होत आलेली चालत नाही आणि बहुधा सलग दोन फेऱ्यांत दोष आढळल्यावरच दिवा पुन्हा लागतो. तोपर्यंत ग्राहक निश्चिंत असतो. माझ्या गाडीतही दिवा परत लागला, तेव्हा "हा वेगळा प्रॉब्लेम आहे, आता टाकी उतरवावी लागेल," असे उत्तर मिळाले.

कर्वेनगरमधील दुसऱ्या मेकॅनिकने प्रथम धुराची चाचणी घेतली. मागच्या चाकाजवळ, उंदराने कुरतडलेल्या नळीतून धूर बाहेर आला. (सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी लावणाऱ्या पुणेकरांना हा पाहुणा नवा नाही.) कॅनिस्टरवर कित्येक वर्षांचा चिखल सुकलेला होता, त्याच्या बोल्टना पाना लागल्याची खूण नव्हती आणि त्यावर कोरलेले उत्पादनाचे वर्ष गाडीच्याच वर्षाचे होते. पर्ज व्हॉल्व्हही जुनाच आणि धडधाकट होता: बंद असताना त्यातून फुंकर आरपार जात नव्हती आणि १२ व्होल्ट देताच तो टक् आवाज करून उघडत होता. नाना पेठेतून आणलेली नळी बसवली आणि काम झाले.

असा कोड आल्यास आधी टाकीचे झाकण टक् आवाज येईपर्यंत घट्ट बसवावे आणि त्याचा वॉशर चिरलेला नाही ना, हे पाहावे. भाग बदलायचाच असेल, तर धूर कुठून येतो ते समोर उभे राहून पाहावे, जुना भाग ताब्यात घ्यावा आणि बिलावर भागाचा क्रमांक लिहून घ्यावा. दुरुस्तीनंतर काही दिवसांनी स्कॅनरवर इव्हॅप मॉनिटर, म्हणजे संगणकाची गळतीची चाचणी, 'पूर्ण' दिसत असेल आणि कोड नसेल, तरच गळती बंद झाली असे धरावे. कोड नुकताच पुसलेला असेल, तर तो मॉनिटर 'अपूर्ण' दिसतो.

कॅनिस्टरची छायाचित्रे दाखवल्यावर गॅरेजमालकांनी निम्मे पैसे परत देण्याची तयारी दाखवली, ती मी नाकारली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे जाण्यास दोन वर्षांची मुदत असते आणि एवढ्या रकमेच्या दाव्याला शुल्क लागत नाही. तेथील अर्ज आता तयार करत आहे.