एकोणिसाव्या शतकातलं लग्न आणि मृत्यू कुठे शोधाल: वृत्तपत्र, कोतवाल बुक की तीर्थोपाध्यायांची वही?

खापरपणजोबा कधी वारले, खापरपणजीचं लग्न कोणत्या साली लागलं, हे शोधायला निघालेला माणूस बहुधा आधी जुन्या वृत्तपत्रांकडे वळतो. आज पेपरात निधनवार्ता असते, मग तेव्हाही असणार, असं त्याला वाटतं. मुंबई इलाख्यातल्या खेड्यापाड्यांच्या बाबतीत हा हिशेब बहुतेक वेळा चुकतो. मृत्यूची तारीख हवी असेल तर आधी कोतवाल बुक, म्हणजे गावचं जन्म-मृत्यूचं रजिस्टर पाहावं. पिढ्यांची साखळी हवी असेल तर तीर्थोपाध्यायांची, म्हणजे तीर्थक्षेत्रीच्या पुरोहितांची वही. वृत्तपत्र तिसरं, आणि तेही तारखेचा थोडा तरी अंदाज हाती आल्यावर. या क्रमाला दोन-तीन महत्त्वाचे अपवाद आहेत, ते पुढे येतील.

वृत्तपत्रात काय सापडतं

इंग्लंड-अमेरिकेतल्या तालुक्याच्या साप्ताहिकांत लग्न आणि मृत्यूच्या सूचनांचा ठरलेला स्तंभ असे. आपल्याकडे तो रुजला नाही, कारण त्याची गरज नव्हती. मयताचा सांगावा गावोगावच्या सोयऱ्यांना पोचवण्याचं काम गावच्या महारावर लादलेलं होतं आणि लग्नाचं आमंत्रण माणूस घरी जाऊन अक्षत देऊन करी. वृत्तपत्र येईपर्यंत तेरावासुद्धा उरकलेला असे. शिवाय वाचणारे थोडे. रत्नागिरीचं ‘जगन्मित्र’, साताऱ्याचं ‘शुभसूचक’, सोलापूरचं ‘कल्पतरू’, बेळगावचं ‘बेळगाव समाचार’ ही पत्रं जिल्ह्याच्या गावातून निघत आणि त्यांचे वर्गणीदार मुख्यतः वकील, शिक्षक, कारकून, सावकार असत. प्रत्यक्ष खेड्यातून निघालेलं ‘दीनमित्र’ (तरवडी, तालुका नेवासे) १९१० चं, म्हणजे आपल्या शतकाच्या बाहेरचं.

म्हणून मृत्यूची बातमी येते ती संस्थानिक, मामलेदार, शास्त्रीबुवा, नावाजलेले वकील यांची. सामान्य माणूस पेपरात येतो तो अपघाताने: साप चावून, विहिरीत पडून, वीज पडून, पटकीच्या साथीत. तेव्हाही पुष्कळदा नाव नसतं, ‘एक कुणबी’, ‘एक बाई’ एवढंच. लग्न छापून येई ते चाकोरीबाहेरचं असेल तर: अफाट खर्चाचं, जरठ-बालाविवाहाचं किंवा पुनर्विवाहाचं.

इथे पहिला अपवाद. घराण्यात विधवाविवाह झाला असेल, घर सत्यशोधक असेल किंवा ख्रिस्ती असेल, तर वृत्तपत्र पहिल्या क्रमांकावर आणा. सत्यशोधक मंडळींसाठी १८७७ साली पुण्यात सुरू झालेलं ‘दीनबंधु’. अमेरिकन मराठी मिशनशी संबंध असलेल्या नगर, सोलापूर, सातारा भागातल्या कुटुंबांसाठी १८४२ पासूनचं ‘ज्ञानोदय’. भटजीशिवाय लावलेलं लग्न ही त्या काळी वाद पेटवणारी गोष्ट होती, आणि वाद झाला की तो छापला जाई. गाव, दोन्ही पक्षांची नावं, कोण आडवं आलं, हे सगळं अशा मजकुरात मिळू शकतं. कोतवाल बुकात यातलं काहीच नसतं.

वृत्तपत्रातली आणखी एक दुर्लक्षित जागा म्हणजे जाहिरातींचं पान. ‘अमुक मयत झाले, त्यांचा वारस मी’ अशा नोटिशीत मयताचं नाव, गाव, वारसाचं नातं आणि काही वेळा मृत्यूची तारीखही मिळते. १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनखाली जिल्हा कोर्टातून वारसाचा दाखला मिळवता येई आणि हरकती मागवायला जाहीरनामा निघे. घरात जमीनजुमला, येणी-देणी किंवा तंटा असेल तर बातम्यांपेक्षा ही पानं आधी चाळा.

शोधताना अडचण येते ती अशी. जुन्या अंकांच्या स्कॅनमध्ये संगणकीय शब्दशोध फारसा चालत नाही: शिळाछाप (दगडावरून छापलेलं) अक्षर, ‘ह्मणून’सारखी जुनी वळणं, आडनावाऐवजी नुसतं ‘रा. रा. बळवंतराव’. पान पान वाचावं लागतं, म्हणून आधी दोन-तीन महिन्यांची खिडकी ठरवा. आपल्या जिल्ह्यात कोणती पत्रं निघत हे कळायला १८६८ पासूनचे सरकारचे ‘रिपोर्ट ऑन नेटिव्ह पेपर्स’ उपयोगी पडतात. त्यांत पत्राचं नाव, गाव आणि खप दिलेला असतो. घरगुती बातम्या मात्र त्यांत येत नाहीत. ते मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात पाहता येतात.

कोतवाल बुक

गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूचं गावपातळीवरचं रजिस्टर. कोतवालाने खबर द्यायची आणि गावकामगाराने लिहायचं, म्हणून हे नाव. या तिघांत सगळ्यांत समन्यायी साधन हेच, कारण त्यात नोंद होण्यासाठी श्रीमंत किंवा साक्षर असावं लागत नाही. तारीख, नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, जात, वय, मृत्यूचं कारण असे रकाने असतात.

मिळवण्याची रीत: तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज द्या. त्यात गाव, त्या काळचा तालुका, व्यक्तीचं नाव आणि पाच वर्षांहून मोठा नसलेला कालावधी लिहा. ‘१८७० ते १९२०’ असा अर्ज केलात तर ‘आढळून येत नाही’ हे उत्तर जवळपास ठरलेलं. तालुक्यांच्या हद्दी बदलल्या असतील तर रजिस्टर शेजारच्या तालुक्यात अडकलेलं असू शकतं. आधी पाहणीची परवानगी मागा, नोंद सापडल्यावर नकलेचा अर्ज करा.

नोंद बहुधा मोडी लिपीत असते. ‘रामजी बिन खंडोजी’ म्हणजे खंडोजीचा मुलगा, ‘राधा कोम रामजी’ म्हणजे रामजीची बायको. आडनाव पुष्कळदा नसतंच, तेव्हा बापाचं नाव माहीत नसेल तर एका गावात तीन रामजी निघतील आणि तुम्ही चुकीचा निवडाल. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव शोधू नका. तिथे ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढंच असतं. १८९६ नंतरच्या प्लेगच्या वर्षांत जास्त सावध राहा: लोक गाव सोडून रानात झोपड्या घालून राहत, आणि मृत्यू भलत्याच गावाच्या बुकात चढलेला असू शकतो.

२०२३ मध्ये मराठा समाजातल्या कुणबी नोंदी शोधायला सरकारने नेमलेल्या न्या. शिंदे समितीच्या कामानिमित्त अनेक जिल्ह्यांनी अशा नोंदींचे स्कॅन आपापल्या संकेतस्थळांवर टाकले. घरबसल्या पाहायला ही मोठी सोय आहे. पण तो शोध कुणबी नोंदींपुरता होता. तिथे नाव नाही म्हणून मूळ बुकातही नाही, असं समजू नका.

या बुकाची मर्यादा काळाची. काही गावांत १८८० च्या आसपासपासून पानं शिल्लक आहेत, पुष्कळ ठिकाणी विसाव्या शतकापासूनच. मराठवाड्यात निजामी राजवटीमुळे जुनी दप्तरं उर्दूत, तर कोल्हापूरसारख्या संस्थानांत दप्तराची व्यवस्थाच वेगळी.

तीर्थोपाध्यायांची वही

नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, प्रयाग, गया. यात्रेकरू आला की उपाध्याय त्याचं नाव, बाप, आजा, भाऊ, मुलं आणि मूळ गाव लिहून घेत. श्राद्धाला आईच्या माहेरच्या पुरुषांची नावंही लागतात, त्यामुळे काही नोंदींत आजोळही सापडतं. १८८० च्या मागे जायचं तर सामान्य घराला या वहीइतका आधार दुसरा नाही.

पण तिच्यात मृत्यूची तारीख नसते. अस्थी घेऊन किंवा श्राद्धाला मुलगा आला ती तिथी असते, म्हणजे मृत्यू त्याआधीचा, एवढाच निष्कर्ष काढता येतो. आणि ज्याला प्रवास परवडला, ज्याला तीर्थावर वावरू दिलं गेलं, त्याचीच नोंद होते. दलित कुटुंबांनी इथे फार आशा न ठेवता कोतवाल बुक आणि मिशनची दप्तरं पाहावीत.

जाताना मूळ गाव नक्की करून जा. वह्या गाव, प्रांत आणि आडनावावरून लावलेल्या असतात. तीन-चार पिढ्यांपूर्वी जिथून निघालात ते गाव सांगा, आज राहता ते नव्हे. दक्षिणा आधी बोलून घ्या, आणि फोटोची परवानगी मिळाली नाही तर तिथेच बसून अक्षरशः उतरवून घ्या. २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ आहे. त्या गर्दीत कुणाला वही उघडायला सवड मिळणार नाही.

लग्न शोधत असाल तर

हिंदू लग्नाची नोंद तिघांपैकी कुणाकडेच नियमाने नाही. घरातली जमाखर्चाची वही, देण्याघेण्याची याद, अहेराची यादी यांतूनच साल निघतं, तेव्हा कार्यालयांच्या आधी माळ्यावरची ट्रंक उघडा. ख्रिस्ती घरांसाठी चर्चचं विवाह रजिस्टर आहे, आणि ते इतर सगळ्या साधनांपेक्षा सरस आहे.

पेपरात शोधायचंच असेल तर चातुर्मास, पौष, अधिक महिना आणि सिंहस्थाचा काळ वगळा. मार्गशीर्ष, माघ, फाल्गुन, वैशाख, ज्येष्ठ एवढे महिने चाळले की बरंचसं काम झालं. मुलीचं नाव लग्नात बदलत असे, म्हणून माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही नावं बरोबर ठेवा.

तारखा जुळेनात तेव्हा

वहीत शके आणि तिथी, बुकात इंग्रजी तारीख, पेपरात ‘गेल्या मंगळवारी’. शकात ७८ मिळवायचे, पण १ जानेवारीपासून गुढीपाडव्याआधीपर्यंत पडणाऱ्या तिथींसाठी ७९. शके १८०२ चा माघ १८८१ मध्ये येतो. नेमकी तारीख काढायला १७२८ ते १८८९ या काळासाठी मोडकांची जंत्री (तिथी आणि इंग्रजी तारखांचा मेळ घालणारं कोष्टक) वापरा. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो, त्यामुळे पहाटे तीनला गेलेल्या माणसाची तिथी आदल्या वाराची आणि इंग्रजी तारीख दुसऱ्या दिवसाची अशी लिहिली जाऊ शकते. एका दिवसाचा असा फरक दिसला म्हणून नोंद टाकून देऊ नका. आठवड्याहून जास्त फरक असेल तर मात्र माणूस तोच आहे का, हे बापाच्या नावावरून पुन्हा तपासा. पेपरातला ‘गेला मंगळवार’ अंकाच्या तारखेवरून मोजू नका. बातमीपत्रावर स्वतःची तारीख असेल तर तिथून मोजा, कारण टपालाने आलेलं पत्र एखादा अंक थांबून छापलं गेलेलं असू शकतं.