बेस्टची बस: गाडी सुधारली, थांब्यावरची वाट लांबली

मुंबईत बेस्टच्या बसबद्दल विचारलं तर दोन उत्तरं येतात. आत जागा मिळालेला प्रवासी समाधानी असतो आणि थांब्यावर उभा असलेला वैतागलेला. दोघंही खरंच सांगत असतात. गेल्या काही वर्षांत गाड्या वातानुकूलित झाल्या, विजेवर धावू लागल्या, बऱ्याच गाड्यांच्या पायऱ्या कमी झाल्या. त्याच काळात गाड्यांची संख्या मात्र गरजेइतकी राहिली नाही. त्यामुळे आज बेस्टला गुण द्यायचे तर गाडीला वेगळे आणि वाट पाहण्याला वेगळे द्यावे लागतात. पहिल्यात बेस्ट सहज पास होते, दुसऱ्यात काठावर अडकते.

बेस्ट कुठे वापरायची हे आधी ठरवावं. लोकलचे मार्ग मुख्यतः उत्तर-दक्षिण धावतात. आडव्या प्रवासाला, म्हणजे पूर्व उपनगरातून पश्चिम उपनगरात जायला, मेट्रो काही ठिकाणी आहे, बाकी सगळा भार बसवर. वांद्रे पूर्व ते कुर्ला पश्चिम जाणारी ३१० क्रमांकाची बस बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या) नोकरदारांसाठी आहे. कुर्ल्याहून साकीनाक्यामार्गे अंधेरीकडे जाणारी ३३२ आणि घाटकोपर-अंधेरी जोडणारी ३४० याच जातीच्या. दुसरा चांगला उपयोग स्टेशन ते ऑफिस. सीएसएमटीवर उतरून नरिमन पॉइंटच्या एनसीपीए नाट्यगृहाकडे ११५, मंत्रालय-बॅकबेकडे १३८. हे मार्ग आखूड आहेत, त्यामुळे गाडी लवकर परत फिरते आणि वेळापत्रक फारसं कोलमडत नाही. मुंबईतली पहिली मोटारबस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावली होती. शंभर वर्षांनंतरही बेस्टची सेवा सर्वांत भरवशाची वाटते ती त्याच दक्षिण टोकाच्या आखूड मार्गांवर.

लोकल समांतर असेल तिथे गर्दीच्या वेळी लांब पल्ल्याची बस धरू नये. लिमिटेड, म्हणजे मोजक्याच थांब्यांवर थांबणारी, असली तरी सिग्नल आणि वाहतूक कोंडी तिला चुकत नाही. मुंबईत बसला स्वतःची मार्गिका जवळपास कुठेच नाही, आणि बेस्टच्या बहुतेक दुखण्यांचं मूळ तिथेच आहे.

आता पैशांचं. ९ मे २०२५ पासून साध्या बसचं किमान भाडं १० रुपये आणि एसीचं १२ रुपये झालं. त्याआधी, जुलै २०१९ पासून, ते ५ आणि ६ रुपये होतं. सध्याचे टप्पे असे: ५ किलोमीटरपर्यंत १० (एसी १२), १० किलोमीटरपर्यंत १५ (एसी २०), १५ पर्यंत २० (एसी ३०), २० पर्यंत ३० (एसी ३५) आणि २५ पर्यंत ३५ (एसी ४०). लांबच्या प्रवासाला हे अजूनही स्वस्तच आहे. घाव बसला तो एक-दोन किलोमीटर जाणाऱ्यावर. पाच रुपयांत स्टेशन गाठणारा माणूस दहा-बारा रुपये द्यायच्या आधी चालत जायचा किंवा शेअर रिक्षाचा विचार करतो. दर वाढवताना पहिल्या दोन किलोमीटरांचा वेगळा टप्पा ठेवायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

टप्प्याच्या सीमेवर लक्ष ठेवलं तर पैसे वाचतात. एसी बसमध्ये ५ किलोमीटर ओलांडले की १२ चे थेट २० होतात. उतरायचा थांबा सीमेच्या जरासा पुढे असेल तर एक थांबा आधी उतरण्याने ८ रुपये वाचतात, महिन्याच्या २६ दिवसांत जाऊन-येऊन ४१६. बस बदलली की नवं तिकीट, हेही ध्यानात असू द्यावं. बारा किलोमीटरची थेट एसी बस ३० रुपयांत नेते. तोच प्रवास सहा-सहा किलोमीटरच्या दोन बसनी केला तर ४० पडतात. थेट बसला दहा मिनिटं जास्त थांबावं लागलं तरी कित्येकदा तेच परवडतं. खरं तर ठरावीक वेळेत दुसऱ्या बसमध्ये चढणाऱ्याकडून पुन्हा किमान भाडं घेणं हा अन्याय आहे, कारण थेट बस नसणं हा प्रवाशाचा दोष नाही.

पास घेण्याआधी पाच मिनिटं हिशेब करावा. दैनंदिन पास ७५ रुपयांचा, मासिक १८०० चा. म्हणजे महिन्यात २४ दिवसांहून जास्त दिवस दैनंदिन पास घ्यावा लागत असेल तरच मासिक पास त्याच्यापेक्षा स्वस्त. रोज एसी बसने १५ किलोमीटर जाणाऱ्या आणि तेवढंच परत येणाऱ्याचे ६० रुपये होतात, २६ दिवसांचे १५६०. त्याला मासिक पास महाग पडतो! स्टेशनपर्यंत एक बस आणि उतरल्यावर दुसरी, असे दिवसाला चार प्रवास करणाऱ्याचं गणित वेगळं. चारही दहा किलोमीटरच्या टप्प्यातले असतील तर एसीचे ८० रुपये होतात आणि पास वसूल होतो. मात्र चारही प्रवास पाच किलोमीटरच्या आत असतील तर रोजचे ४८ च होतात, मग सुटी तिकिटंच बरी. मासिक पास ९०० रुपयांना होता तेव्हा हा विचार करायची गरज नव्हती. आता आहे.

थांब्यावरच्या वाटेकडे वळू, कारण या सेवेचा निकाल तिथेच लागतो. समजा, एखाद्या मार्गाची एका बाजूची फेरी ६० मिनिटांची, दोन्ही टोकांना पाच-पाच मिनिटं विश्रांती, म्हणजे पूर्ण चक्र १३० मिनिटांचं. दर दहा मिनिटांना बस द्यायची तर १३ गाड्या लागतात. संध्याकाळी रस्त्याचं खोदकाम आणि कोंडीमुळे तीच फेरी ८० मिनिटांची झाली की चक्र १७० मिनिटांचं होतं आणि त्याच १३ गाड्यांत अंतर १३ मिनिटांवर जातं. त्यातल्या दोन गाड्या बंद पडल्या तर साडेपंधरावर. वेळापत्रकात एक आकडाही न बदलता सेवा दीडपटीने विरळ होते.

त्यात बस जोडीने येण्याचा त्रास. पुढची बस थोडी उशिरा आली की थांब्यावर जास्त माणसं साठलेली असतात. ती चढायला वेळ लागतो, बस आणखी मागे पडते. मागच्या बसला माणसंच मिळत नाहीत, ती भरभर येऊन पुढचीला गाठते. दर दहा मिनिटांना एक बस नीट येत असेल तर सरासरी पाच मिनिटं थांबावं लागतं. त्याच बस वीस मिनिटांनी दोन-दोनच्या जोडीने आल्या तर सरासरी दहा मिनिटं. गाड्या तेवढ्याच, चालक तेवढेच, वाट दुप्पट. यावर उपाय टोकाच्या बस चौकीत असतो: गाडी आली की लगेच न सोडता अंतर राखून सोडणं. जीपीएस सगळीकडे असताना हे काम जुन्या वेळापत्रकाच्या कागदावर चालू नये. प्रवाशाने मात्र एक करावं. जोडीने बस आल्या तर पहिलीत कोंबून घेऊ नये, मागचीत बहुधा बसायला जागा असते.

गाड्या कमी का पडल्या, याचं उत्तर भाडेतत्त्वाच्या करारांत आहे. २०१९ मध्ये कामगार संघटनेशी झालेल्या करारात बेस्टच्या स्वतःच्या ३,३३७ गाड्या कायम राखण्याचं ठरलं होतं. प्रत्यक्षात जुन्या गाड्या आयुष्य संपून मोडीत निघाल्या आणि त्यांच्या जागी स्वतःच्या नव्या गाड्या जवळपास आल्याच नाहीत. आल्या त्या कंत्राटदारांच्या. गाडी, देखभाल आणि चालक कंत्राटदाराचा, कंडक्टर बेस्टचा, आणि पैसे धावलेल्या किलोमीटरवर. सुरुवातीला ही पद्धत स्वस्त दिसते. पण कंत्राटदाराला तोटा झाला की तो गाड्या उभ्या करतो, चालकांचे पगार अडले की ते काम थांबवतात. ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी चालकांचा संप झाला तेव्हा शेकडो गाड्या डेपोत उभ्या राहिल्या. शहराची रोजची वाहतूक अशा दोऱ्यावर टांगून ठेवणं चूक आहे. निम्मा ताफा तरी स्वतःचा हवा.

गाड्यांबद्दल चांगलं बोलावं असं बरंच आहे. विजेवरच्या बारा मीटर बसमध्ये आवाज कमी, गचके कमी, एसी नीट. दुमजली विजेची बस फेब्रुवारी २०२३ मध्ये रस्त्यावर आली, तिला दोन जिने आहेत. शेवटची डिझेल डबल डेकर १५ सप्टेंबर २०२३ ला ४१५ क्रमांकाच्या मार्गावर धावली. जुन्या गाडीला एकच जिना होता, त्यामुळे वरून उतरणारे आणि वर जाणारे तिथेच अडायचे. नव्या गाडीत ते होत नाही. आखूड मार्गावर मोठी गर्दी उचलायला हीच गाडी योग्य.

मिडी, म्हणजे मध्यम आकाराच्या बसचं तसं नाही. अरुंद रस्त्यांवर ती सोयीची, पण स्टेशनबाहेरच्या गर्दीच्या मार्गावर तिला घालणं म्हणजे दोन थांब्यांत गाडी भरवणं. आतली वाट अरुंद, दाराशी उभ्या माणसांमुळे मागे जागा असूनही कुणी आत सरकत नाही. कंडक्टर ‘पुढे चला’ ओरडून थकतो. गर्दीच्या वेळी पाठीवरची सॅक पुढे घ्यावी आणि उतरण्याच्या दोन थांबे आधी दाराकडे सरकावं, नाहीतर पुढच्या थांब्यावर उतरणं नशिबी येतं.

विजेच्या गाडीला क्लच-गिअर नाही आणि ॲक्सिलरेटर दाबताच ती जोर पकडते. जुन्या गाडीवर हात बसलेल्या चालकाला हे वेगळं शिकावं लागतं. ९ डिसेंबर २०२४ च्या कुर्ला पश्चिमेच्या भीषण अपघातानंतर प्रशिक्षणाचा प्रश्न ऐरणीवर आला. चालक कंत्राटदाराचा असला तरी त्याची परीक्षा बेस्टने स्वतः घ्यावी, यात तडजोड नको.

मोबाइलवर बस पाहण्याची सोय कामाची आहे, वापरायची रीत मात्र कळायला हवी. चलो ॲपमध्ये मार्ग क्रमांक टाकून आपला थांबा निवडावा. बसची खूण पहिल्या थांब्यावरच स्थिर असेल तर दाखवलेल्या मिनिटांवर विसंबू नये, चालकाची विश्रांती अजून संपलेली नसू शकते. खूण हलू लागली की घरातून निघावं. तिकीट मोबाइलवरही काढता येतं. मुंबई वन ॲप ऑक्टोबर २०२५ मध्ये आलं, त्यात लोकल, मेट्रो आणि बेस्टची तिकिटं एकत्र मिळतात. नेट गर्दीत रेंगाळतं, म्हणून तिकीट बस येण्याआधी काढून ठेवावं. नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की ऑनलाइन भरलेली रक्कम कार्डाच्या चिपवर उतरवावी लागते. ते राहिलं तर मशीन जुनीच शिल्लक दाखवतं आणि कंडक्टरचा काही इलाज चालत नाही. दहा-वीसचे सुट्टे खिशात असलेले बरे.

बाहेरगावच्या माणसाला अडचण येते ती पाटीची. पुढच्या पाटीवर मार्ग क्रमांक मराठी अंकांत असतो. ३, ६ आणि ९ हे तीन अंक घाईत गोंधळात टाकतात. मराठी न वाचणाऱ्या पाहुण्याला घरून निघतानाच कागदावर मराठी अंक लिहून द्यावा.

चाकाच्या खुर्चीवरून प्रवास करणाऱ्यांसाठी लो-फ्लोअर गाडी मोठा बदल आहे. तिची जमीन रस्त्यापासून साधारण ४०० मिलिमीटरवर असते, जुन्या पद्धतीच्या गाडीची ९०० च्या आसपास. पण रॅम्प टाकायचा तर गाडी पदपथाला चिकटून उभी राहायला हवी आणि थांब्यासमोर दुचाकी, रिक्षा, फेरीवाले असतात. मग बस रस्त्याच्या मधोमध थांबते आणि रॅम्प असून नसल्यासारखा होतो. इथे बेस्टपेक्षा महापालिका आणि वाहतूक पोलिसांचं काम जास्त आहे.

पावसाळ्यात हिंदमाता, सायन रोड क्रमांक २४, मिलन सबवे आणि अंधेरी सबवे परिसरात पाणी साचलं की मार्ग वळवले जातात. वळवलेली बस मधले थांबे गाळते. पाणी तुंबलेलं असताना मधल्या थांब्यावर उभं राहण्यापेक्षा जवळच्या बस चौकीपर्यंत चालत जावं, तिथल्या स्टार्टरला, म्हणजे गाड्या सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला, कुठली गाडी कुठून सुटणार हे ठाऊक असतं.

तक्रार करायची वेळ आली तर फक्त ‘अमुक नंबरची बस थांबली नाही’ एवढं लिहून भागत नाही, कारण त्या क्रमांकाच्या गाड्या दिवसभर धावत असतात. गाडीच्या नंबर प्लेटचा क्रमांक, थांब्याचं नाव, दिशा आणि मिनिटांसह वेळ लिहावी, आत असाल तर तिकीटही जपून ठेवावं. एवढं दिलं की जीपीएसच्या नोंदीवरून ती गाडी, तो चालक आणि तो कंत्राटदार शोधता येतो.