सिकाफ्लेक्स २९१ आय सीलंट: बोटीच्या पाण्याखालच्या फिटिंगसाठी, दोन पावसाळ्यांनंतरचा रिव्ह्यू

आमचं गाव कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीच्या पट्ट्यातलं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटाला गेलं की इशारा, ४३ ला धोका, हे आमच्याकडं शाळेतल्या पोराला पण पाठ असतंय, आणि २०१९ ला ते ५५ फुटाच्या वर गेलं होतं. त्यानंतर मंडळानं वर्गणी काढून १६ फुटी जुनी फायबरची बोट घेतली. हा रिव्ह्यू त्या बोटीच्या मागच्या ड्रेन प्लगचा (आत साठलेलं पाणी सोडायच्या भोकाचं बूच) आणि त्याला लावलेल्या सीलंटचा, म्हणजे फट बुजवायच्या चिकट मालाचा, आहे. असल्या कामाचं मराठीत कुठं काय लिहिलेलं सापडलं नाही म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

ड्रेन प्लगची पितळी वाटी बोटीच्या मागच्या फळीत अगदी तळाला, म्हणजे माणसं बसली की कायम पाण्याखाली. ती गळायला लागली तेव्हा आम्ही लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानातून साधं बाथरूमचं सिलिकॉन आणलं, दुकानदार म्हणाला वॉटरप्रूफ आहे, लावा बिनधास्त. लावताना व्हिनेगरसारखा वास येतो ना, तेच ते. पहिला महिना एकदम झकास. पुढच्या पावसाळ्यात मी वाटीच्या कडेला नख लावलं तर अख्खी पट्टी उकडलेल्या अंड्याच्या सालीसारखी सलग निघून हातात आली, खाली पितळेवर हिरवट डाग आणि स्क्रूच्या भोकातून पाणी. त्या व्हिनेगरवाल्या सिलिकॉनमधनं सुकताना जे ॲसिड निघतं ते पितळेला चालत नाही, आणि फायबरवर त्याची पकड पण तेवढी नसते. वॉटरप्रूफ ते आहेच, पाणी त्याच्यातनं जात नाही, त्याच्या बाजूनं जातंय!

मग शोधाशोध करून सिकाफ्लेक्स २९१ आय मागवलं. हे पॉलियुरेथेन, म्हणजे पीयू, बोटीसाठीच बनवलेलं आणि पाण्याच्या रेषेखाली चालतं असं कंपनीच सांगते. सिकाफ्लेक्स नावाचे बांधकामाचे पण बरेच प्रकार मिळतात, ट्यूब तशीच दिसते, त्यामुळं नावावर जाऊ नका, नंबर बघून घ्या. साध्या सिलिकॉनच्या मानानं कितीतरी महाग पडतं, पण चार-सहा फिटिंगला एक ३०० मिलीची ट्यूब आरामात पुरते.

खरं काम लावण्यात नाही, आधीच्या सफाईत आहे. जुन्या सिलिकॉनचा जो अदृश्य चिकट थर राहतो त्याच्यावर काहीच धरत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नीट धरत नाही. आम्ही वाटी पूर्ण काढली, ब्लेडनं खरवडलं, मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं नवा फायबर दिसेपर्यंत घासलं आणि ॲसिटोननं स्वच्छ फडक्यानं दोनदा पुसलं, दरवेळी फडकं बदलून. स्क्रूच्या भोकांच्या तोंडाला मोठ्या ड्रिल बिटनं हलकी खाच दिली, त्या खाचेत सीलंट बसतो आणि स्क्रूभोवती वायसर तयार होतो, शिवाय जेलकोटला, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत बाहेरच्या थराला, तडे जात नाहीत.

आणि इथं एक चूक झाली ती सांगतो म्हणजे तुमची होणार नाही. कडेला बाहेर आलेला माल गुळगुळीत करायला आमच्यातल्या एकानं बोटाला हँड सॅनिटायझर लावून फिरवलं. दोन दिवस झाले तरी ती कड मधासारखी चिकट. अल्कोहोल ओल्या पीयूची घट्ट व्हायची क्रियाच बिघडवतो हे नंतर कळलं, तेवढी कड कापून परत भरावी लागली. कडा गुळगुळीत करायला साबणाचं पाणी बास.

आवळताना पण ताकद लावायची नाही. सगळा माल बाहेर पिळून निघाला तर मध्ये राहतंय काय? चारी बाजूनं सारखी बारीक कड बाहेर दिसली की थांबा.

पीयू हवेतल्या ओलाव्यावर जमतं, बाहेरून आत, दिवसाला साधारण ३ मिलीमीटर. वर तासाभरात साय धरते म्हणून माणूस फसतो, वाटीच्या खाली मधोमध अजून ओलंच असतंय. आम्ही मे महिन्यात काम करून पूर्ण आठवडा बोट ट्रॉलीवर ठेवली. मग नदीत न घालता आत मागच्या बाजूला बादल्यांनी पाणी भरलं आणि बाहेरून वाटीभोवती टिश्यू पेपर चिकटवला, दोन तासांनी कोरडा ठणठणीत. त्यानंतर दोन पावसाळे झाले, एक थेंब नाही.

बाकीच्या पर्यायांचं थोडक्यात. थ्रीएम ५२०० हे पण पीयूच, पण जवळजवळ कायमचं, पूर्ण जमायला ५ ते ७ दिवस, आणि पुढं फिटिंग काढायची वेळ आली तर जेलकोटचा तुकडा सोबत येऊ शकतो, त्यामुळं जी वस्तू कधीतरी बदलायचीच आहे तिथं मी ते लावणार नाही. पॉलिसल्फाइड हा सीलंटचा वेगळा प्रकार पाण्याखाली भारी टिकतो, पण एबीएस, ॲक्रिलिक, पॉलिकार्बोनेट असल्या प्लॅस्टिकला खराब करतो, तुमची फिटिंग प्लॅस्टिकची असेल तर आधी ते कुठलं प्लॅस्टिक आहे हे विचारा. ब्युटाइल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी, वर डेकवर छान, पाण्याखाली नको.

माझ्याकडून ५ पैकी ४. एक गुण कापला तो उघडलेल्या ट्यूबमुळं, नोझलमध्ये लांब स्क्रू घालून, वरून टेप गुंडाळून ठेवली तरी आमची तीन आठवड्यांत आत दगड झाली. त्यामुळं आता गावातल्या दोन बोटींची कामं एकाच रविवारी धरतो, म्हणजे एका ट्यूबमध्ये दोन्ही होतात.