संगणक सुरू व्हायला तीन मिनिटं? किंग्स्टन ए४०० (२४० जीबी) घेण्याआधी आणि बसवताना

दहा-बारा वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप, आय३ प्रोसेसर, एच६१ किंवा एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क. भवानी पेठेपासून जुळे सोलापूरपर्यंत अशी यंत्रं घरोघरी सापडतील. मुलांचा अभ्यास, दुकानाचा हिशेब, लाइट बिल एवढं काम ती अजून नीट करतात. तक्रार एकच, बटण दाबल्यापासून हाताला येईपर्यंत दोन-तीन मिनिटं जातात. अशा संगणकासाठी किंग्स्टनची ए४०० ही २.५ इंची साटा एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी लावायचा, चिपवर डेटा साठवणारा आणि साटा केबलने जोडायचा ड्राइव्ह) कशी आहे, ते पाहू.

दोष हार्ड डिस्कचा असेल तर एवढ्या खर्चात याहून मोठा फरक पाडणारी दुसरी वस्तू नाही. पण दोष तिचाच आहे का, हे दहा मिनिटांत कळतं. ते न बघता पैसे घालवू नका.

लॉगिन झाल्याबरोबर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये डिस्कचा आलेख पाहा. तो १०० टक्क्यांवर चिकटलेला आणि वाचनाचा वेग मात्र सेकंदाला एक-दोन एमबी, असं दिसलं तर घोडं डिस्कपाशीच अडलंय. ७२०० आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कमध्ये हवी ती जागा फिरून वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी ४.१७ मिलिसेकंद लागतात, हेड सरकायला आणखी आठ-नऊ. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फायली विखुरलेल्या जागांवरून वाचते आणि या हिशेबाने सेकंदाला जेमतेम ७५-८० वाचनं होतात. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, तिथे हाच वेळ मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास येतो.

ए४०० च्या २४० जीबी मॉडेलचे जाहीर आकडे सेकंदाला ५०० एमबी वाचन आणि ३५० एमबी लेखन असे आहेत. ते मोठ्या, सलग फायलींचे. म्हणूनच ‘आमच्या एच६१ बोर्डावर साटा ३ (६ गिगाबिटची जोडणी) नाही, मग उपयोग काय’ ही शंका काढून टाका. एच६१ वर सगळे पोर्ट ३ गिगाबिटचेच असतात, सलग वेग २७० एमबीच्या आसपास अडतो. सुरू होण्याच्या वेळेत मात्र त्याने फारसं बिघडत नाही. एच८१ वर दोन पोर्ट ६ गिगाबिटचे असतात, एसएसडी त्यातल्या एकात लावा.

आता उलट बाजू. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबवर ‘लास्ट बायोस टाइम’ दिसतो, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या प्रोग्रॅमने (बायोस) घेतलेला वेळ. तो तीस सेकंदांच्या वर असेल तर विंडोजची पाळी येण्याआधीच वेळ जातोय आणि एसएसडी तिथे काही करू शकत नाही. लावून ठेवलेला पेनड्राइव्ह, बूट क्रमात वर राहिलेला डीव्हीडी ड्राइव्ह, नेटवर्क बूट चालू राहणं ही नेहमीची कारणं. तारीख-वेळ रोज मागे जात असेल तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल बदला. (जुन्या लेगसी पद्धतीच्या बूटमध्ये हा आकडा दिसत नाही, मोबाइलवर स्टॉपवॉच लावा.) त्याच टॅबवर ‘हाय’ परिणाम लिहिलेले आणि तुम्हाला रोज न लागणारे प्रोग्रॅम डिसेबल करा. त्याने भागलं तर खर्च वाचला.

डिस्कची तब्येत सांगणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅमही एकदा चालवा. सी५, म्हणजे करंट पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणाऱ्या जागा), शून्याहून जास्त असेल तर जुनी डिस्क मरायला टेकली आहे. आधी डेटा उचला, दुरुस्तीच्या भानगडी नंतर. सी७ (डेटा केबलवरून येताना होणाऱ्या चुका) वाढत असेल तर केबल बदला, डिस्क बहुधा ठीक असते.

बसवणं सोपं आहे, पण सामान आधी जमवा. साटा केबल वेगळी घ्यावी लागते. २.५ इंची ड्राइव्हला एम३ चे छोटे स्क्रू लागतात. जुन्या हार्ड डिस्कचे जाड आट्यांचे स्क्रू बळजबरीने पिळू नका. एसएमपीएसला (वीज पुरवणाऱ्या डब्याला) साटा पॉवरचा एकच कनेक्टर असेल तर मोलेक्स या जुन्या चार पिनांच्या कनेक्टरवरून अडॅप्टर घ्यावा लागेल. प्लास्टिकमध्ये ओतून बंद केलेला स्वस्त अडॅप्टर टाळा, आतल्या तारा शॉर्ट होऊन तो जळण्याचे प्रकार घडतात.

विंडोज नव्याने टाकताना जुन्या हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा. ही पायरी दुकानातसुद्धा वगळली जाते. मग बूटच्या फायली जुन्या डिस्कवरच राहतात आणि पुढे ती डिस्क काढली की संगणक उठतच नाही. इन्स्टॉलच्या आधी बायोसमध्ये साटा मोड (ड्राइव्हशी बोलण्याची पद्धत) एएचसीआय करा. जुनं विंडोज आयडीई या जुन्या मोडमध्ये टाकलेलं असेल आणि तेच क्लोन करणार, म्हणजे जसंच्या तसं एसएसडीवर उतरवणार असाल, तर नुसता मोड बदलल्यास निळा पडदा येतो. आधी एमएसकॉन्फिग या विंडोजच्याच सेटिंग प्रोग्रॅममधून सेफ बूट लावा, मोड बदला, एकदा सेफ मोडमध्ये सुरू होऊ द्या, मग सेफ बूट काढा.

एवढं झालं की असा संगणक साधारण वीस सेकंदांत डेस्कटॉपवर येतो आणि आल्या आल्या क्लिक ऐकतो.

उणिवा आहेत. ए४०० मध्ये डीरॅम कॅश, म्हणजे ड्राइव्हची स्वतःची वेगवान तात्पुरती मेमरी, नाही. लग्नाचा ५०-६० जीबी व्हिडिओ एका दमात ओतलात तर लेखनाचा वेग मध्येच पडतो. एकूण लेखनाची हमी ८० टीबीची आणि वॉरंटी मर्यादित तीन वर्षांची. घरगुती वापरात ८० टीबी सहज पुरतात. १२० जीबीचं मॉडेल मात्र घेऊ नका. विंडोज आणि तिचे अपडेट यातच ते भरत येतं, आणि भरलेली एसएसडी मंदावते. पंधरा-वीस टक्के जागा रिकामी ठेवा.

रॅम ४ जीबीच असेल तर ती ८ करा, नाहीतर ब्राउझरच्या चार टॅबमध्ये सुटका संपते. आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यावर एसएसडी हे उत्तर नाही. इतके जुने आय३ विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाहीत.

कॅबिनेट उघडलंच आहे तर पंखा आणि हीटसिंक (प्रोसेसर थंड ठेवणारा धातूचा पात्यांचा भाग) ब्लोअरने साफ करा, विशेषतः घराशेजारी यंत्रमाग असतील तर. सुताचा कापूस हीटसिंकच्या पात्यांत नमद्यासारखा बसतो आणि एप्रिल-मेच्या चाळीस अंशांपुढच्या उन्हात प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करतो. एसएसडी नवी असली तरी संगणक मग रखडतच चालतो.

जुनी हार्ड डिस्क धडधाकट निघाली तर दुसऱ्या पोर्टला परत जोडा. गड्ड्याच्या जत्रेचे फोटो, मुलांचे दाखले, हिशेब यांची एक प्रत तिच्यावर ठेवा. हार्ड डिस्क जाण्याआधी बऱ्याचदा खडखडते, मंदावते. एसएसडी कित्येकदा काहीच न सांगता एका सकाळी बायोसमध्ये दिसेनाशी होते.